हौशी हेर आणि बिदरचे बनावट पत्र



भूगोलाच्या पुस्तकाआड दुसरेच पुस्तक ठेवून वाचण्याची कला विद्यार्थ्यांनी शोधून काढली, त्यास पुष्कळ वर्षे झाली. ते दुसरे पुस्तक बहुधा रहस्यकथेचे असते. ते सापडते, जप्त होते, आणि (हे गुपित आज फोडावयास हरकत नाही) मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत आवडीने वाचले जाते. तरीही रहस्यकथा म्हणजे वेळेचा अपव्यय, असेच माझे मत कित्येक वर्षे होते. ते बदलले एका प्रसंगाने. तो प्रसंग माझ्या दृष्टीने फारसा भूषणावह नाही. परंतु विषयाची सुरुवात त्यावाचून नीट होणार नाही.

पूर्वी मी ज्या शाळेत होतो, तेथे आठवीच्या वर्गप्रमुख मुलीने सहलीची वर्गणी गोळा करून आपल्या कंपासपेटीत ठेवली होती. मधल्या सुट्टीनंतर पाहते तो पैसे नाहीत. सुट्टीत वर्गात एकच मुलगा होता. तो महिन्याभरापूर्वीच शाळेत आला होता, मित्र झाले नव्हते, म्हणून एकटाच बसून डबा खात असे. मी त्याला उभे केले आणि विचारले. तो खाली पाहू लागला, अडखळला, एक शब्द बोलून दुसऱ्यासाठी थांबला. वर्गात कुजबुज सुरू झाली. मी त्याला दाराबाहेर उभे राहण्यास सांगितले.

इतक्यात मागच्या बाकावरील दोन मुलींनी हात वर केला. एकीने वर्गप्रमुखाला विचारले, "पैसे पेटीत शेवटचे केव्हा पाहिलेस? डोळ्यांनी पाहिलेस की असतील असे वाटले?" दुसरी म्हणाली, "सकाळी भूमितीच्या तासाला तू पेटी उघडली होतीस. तेव्हा पैसे कोठे ठेवलेस?" वर्गप्रमुख क्षणभर गप्प राहिली आणि मग तिने आपल्या वहीचे तपकिरी वेष्टन उकलले. पैसे तेथे होते! कर्कटक काढताना नोटा आड येत होत्या, म्हणून तिने त्या वेष्टनात खोचल्या आणि विसरली.

दाराबाहेरचा मुलगा अडखळत का होता? त्याच्या घरी कन्नड बोलत. माझ्या प्रश्नाचे उत्तर तो मनात कन्नडमध्ये जुळवीत होता आणि मग मराठीत आणीत होता. त्या धडपडीला मी अपराधाची खूण समजलो. सर्व वर्गासमोर मी त्याची क्षमा मागितली. नंतर त्या दोघींना विचारले, "हे प्रश्न तुम्हांला सुचले कसे?" एकीने दप्तरातून पुस्तक काढले. ते फास्टर फेणेचे होते, आणि बहुधा भूगोलाच्या तासासाठीच आणलेले होते.

त्या दिवसापासून मी या पुस्तकांकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहू लागलो.

हौशी हेर म्हणजे कोण?

रहस्यकथेचा आधुनिक इतिहास सामान्यतः १८४१ पासून धरतात. त्या वर्षी एडगर अॅलन पो या अमेरिकन लेखकाने एका खुनाचा उलगडा केवळ तर्काने करणारा नायक कथेत उभा केला. १८८७ मध्ये आर्थर कॉनन डॉयल यांचा शेरलॉक होम्स अवतरला. त्या पहिल्याच कादंबरीत एक गंमत आहे. लंडनच्या गल्ल्यांतील काही फाटक्या कपड्यांची पोरे होम्सला बातम्या आणून देतात, आणि मोठ्यांना जे दिसत नाही ते ही पोरे पाहून येतात. कारण उघड आहे. रस्त्यात खेळणाऱ्या पोराकडे कोणी लक्ष देत नाही. मुलांच्या हौशी हेरगिरीचे बीज येथे दिसते.

हौशी हेराजवळ वर्दी नसते, अधिकार नसतो, पगार तर नसतोच. त्याला कोणाची झडती घेता येत नाही की कोणाला धमकावता येत नाही. म्हणून त्याला एकच मार्ग उरतो: नीट पाहावे, नीट ऐकावे आणि विचार करावा. ही त्याची उणीवच त्याचे शिक्षण होते.

नोटांची भोके

या प्रकारातील एक जगप्रसिद्ध कादंबरी म्हणजे जर्मन लेखक एरिख केस्टनर यांची 'एमिल आणि गुप्तहेर'. ती १९२९ साली प्रसिद्ध झाली. एमिल हा विधवा आईचा मुलगा. आई लोकांचे केस धुऊन, विंचरून देऊन संसार चालविते. ती त्याला आजीकडे बर्लिनला पाठविते आणि बरोबर १४० मार्क देते. ही रक्कम तिने मोठ्या कष्टाने साठविलेली असते. पैसे पडू नयेत म्हणून एमिल ते कोटाच्या अस्तराला टाचणीने टोचून ठेवतो. गाडीत त्याला झोप लागते. जागा होतो तो पैसे गेलेले, आणि डब्यातील टोपीवाला गृहस्थही गेलेला.

पोलिसांकडे का जाऊ नये? येथे विनोद येतो. एमिलने गावातील एका सरदाराच्या पुतळ्याला लाल नाक आणि काळ्या मिशा रंगविलेल्या असतात. पोलीस आपल्यालाच पकडतील अशी त्याची समजूत असते! तेव्हा तो एकटाच चोराच्या मागे निघतो. वाटेत मोटारीचा भोंगा वाजवीत हिंडणारा गुस्ताव भेटतो, आणि पाहता पाहता मुलांची एक फौज उभी राहते. कोणी पाळत ठेवतो, कोणी निरोप पोचवितो. एका लहान मुलाला मात्र घरी दूरध्वनीपाशी बसावे लागते. सगळी मौज बाहेर चाललेली, आणि हा बिचारा जागा सोडीत नाही. पुस्तक वाचून झाल्यावर मला सर्वांत आठवतो तो हाच मुलगा.

अखेरीस चोर बँकेत नोटा मोडावयास जातो. मुले ओरडतात, "हे पैसे चोरीचे आहेत." परंतु नुसत्या ओरडण्याला कोण विचारतो? पैसे तर सर्वांचे सारखेच दिसतात. तेव्हा एमिलला टाचणी आठवते. नोटा उजेडात धरल्या जातात आणि त्यांवर टाचणीची भोके दिसतात. तेवढ्या बारीक भोकांनी खटल्याचा निकाल लागतो.

लेखकाने येथे वाचकाशी प्रामाणिकपणा राखला आहे. टाचणीचा उल्लेख प्रारंभीच येऊन गेलेला असतो. आपणच तो वाचून पुढे गेलेले असतो. रहस्यकथेतील सर्व धागे वाचकाच्या डोळ्यांसमोर असले पाहिजेत, हा या साहित्यप्रकाराचा नियमच मानला जातो. अशी कथा वाचून संपल्यावर "लेखकाने फसविले" असे न वाटता "मीच नीट पाहिले नाही" असे वाटते.

फुरसुंगीचा बनेश

मराठीत हे काम भास्कर रामचंद्र भागवत यांनी केले. त्यांचा काळ १९१० ते २००१. ज्यूल व्हर्नच्या अद्भुत कथा मराठी मुलांना त्यांनी दिल्या, 'बालमित्र' हे मासिक चालविले, आणि बनेश फेणे हा मुलगा निर्माण केला. हा पुण्याजवळच्या फुरसुंगीचा. शिकावयास पुण्याच्या विद्याभवन शाळेत. अंगाने किरकोळ, पण पायांना आणि सायकलीला विलक्षण वेग, म्हणून 'फास्टर'. काही सुचले किंवा आश्चर्य वाटले की जिभेने 'ट्टॉक' असा आवाज करणार. हा आवाज काढून पाहिला नाही असा मराठी वाचक मुलगा विरळाच.

फास्टर फेणेची सुमारे वीस पुस्तके आहेत. तो प्रतापगडावर जातो, काश्मीरला जातो, विमानचोरांशी सामना देतो. १९६२ च्या चिनी आक्रमणाची पार्श्वभूमीही त्याच्या एका साहसाला लाभली आहे. १९८७ मध्ये त्याच्यावर दूरदर्शन मालिका झाली आणि २०१७ मध्ये चित्रपट निघाला. त्या चित्रपटात स्वतः भा. रा. भागवत हे एक पात्र म्हणून येतात आणि ती भूमिका दिलीप प्रभावळकर यांनी केली आहे.

मराठीत त्यापूर्वी रहस्यकथा नव्हत्या असे नाही. बाबुराव अर्नाळकर यांनी एक हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि घरोघरी लोकांना वाचनाचे वेड लावले. पण त्यांचे धनंजय आणि झुंजार हे प्रौढ, सामर्थ्यवान नायक. फेणे मात्र आपल्यातलाच. तो खेड्यातून शहरात आला आहे, शाळेत आहे, त्याला मोठ्यांची बोलणी खावी लागतात. भालकीहून किंवा आळंदहून शिक्षणासाठी परगावी गेलेल्या कोणत्याही मुलाला तो ओळखीचा वाटावा.

हसू कशासाठी?

रहस्य ही गंभीर बाब; मग तीत विनोद कशाला? मला तीन कारणे दिसतात.

पहिले कारण असे की, भीतीने बुद्धी गोठते आणि हसण्याने ती पुन्हा वाहू लागते. अंधाऱ्या जिन्यात उभा असलेला नायक स्वतःच्याच शिंकेने दचकला की वाचकाचा श्वास मोकळा होतो आणि तो पुन्हा धागे मोजू लागतो.

दुसरे कारण गुन्हेगाराविषयी आहे. दरारा वाटावा असा खलनायक पुष्कळदा मुलांना आवडू लागतो. विनोदी कथेत मात्र चोर म्हणजे मुलांच्या घोळक्यातून वाट काढताना घामाघूम झालेला एक भित्रा माणूस असतो. त्याचे अनुकरण करावेसे कोणालाच वाटत नाही.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. विनोदी कथेतील हेर चुकतो आणि आपल्या चुकीवर हसतो. सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या कथा बंगालीत १९६५ पासून येऊ लागल्या आणि अशोक जैन यांनी त्या मराठीत आणल्या. त्यांत जटायू नावाचे एक लेखक आहेत. ते भराभर साहसकथा लिहितात आणि त्यांत ढळढळीत चुका करतात. फेलूदा चूक दाखवितो, जटायू ओशाळतात आणि पुढच्या आवृत्तीत सुधारणा करण्याचे कबूल करतात. ज्याला "माझे चुकले" असे हसत म्हणता येते, तोच आपला पहिला संशय सोडून देऊ शकतो. ज्याला ते म्हणता येत नाही, तो निरपराध्याला दाराबाहेर उभे करतो. हे मी अनुभवाने सांगतो.

बिदरचे पत्र

पहिला संशय सोडता आला नाही तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच भूमीत आहे. बिदर शहरात महमूद गवानचा मदरसा आपण सर्वांनी पाहिला आहे. १४७२ साली पूर्ण झालेली ती भव्य वास्तू, तिचा तो उंच मनोरा आणि भिंतीवर उरलेली रंगीत कौले पाहून आपण पुढे जातो. ज्याने ती बांधली, त्याचा अंत एका कागदामुळे झाला.

गवान इराणच्या गीलान प्रांतातून येऊन बहमनी राज्याचा मुख्य वजीर झाला. त्याने कारभारात शिस्त आणली, सरदारांचे अधिकार आवरले; साहजिकच शत्रू निर्माण झाले. फिरिश्ता या इतिहासकाराने दिलेली हकीकत अशी. शत्रूंनी गवानची मोहोर सांभाळणाऱ्या सेवकाला वश केले आणि एका कोऱ्या कागदावर मोहोर उमटवून घेतली. मग त्यावर ओरिसाच्या राजाला उद्देशून मजकूर लिहिला की, राज्यावर स्वारी करा. तो कागद सुलतान मुहम्मद तिसरा याच्या हाती देण्यात आला. सुलतान मद्याच्या अमलाखाली होता. त्याने गवानला बोलावून विचारले. गवान म्हणाला की मोहोर माझी आहे, पत्र माझे नाही. सुलतानाने पुढे काही विचारले नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी कोंडपल्लीच्या छावणीत त्या वृद्ध वजिराचा शिरच्छेद झाला. सत्य कळल्यावर सुलतानाला पश्चात्ताप झाला. पुढच्याच वर्षी तो मरण पावला, आणि थोड्याच काळात बहमनी राज्याचे तुकडे पडू लागले.

आता कल्पना करा की त्या छावणीत आठवीतील ते दोघी विद्यार्थिनी होत्या. त्यांनी काय विचारले असते? मोहोर कोणाच्या ताब्यात असते? अक्षर कोणाचे आहे? गवानच्या जुन्या पत्रांशी ते जुळते का? मजकूर आधी लिहिला आणि मोहोर नंतर उमटली, की मोहोर आधी होती आणि ओळी तिच्या आसपास दाटीने बसविल्या आहेत? पत्र पकडले कोणी, आणि गवान गेला तर लाभ कोणाचा? यांपैकी एका प्रश्नाचे उत्तर मागितले असते तरी एक प्राण वाचला असता.

येथे दक्ष वाचकाने आणखी एक प्रश्न विचारावा. फिरिश्ताने हा इतिहास घटनेनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिला. म्हणजे त्यानेही हे पाहिलेले नव्हते. वाचलेले आणि ऐकलेले होते. इतिहासाचा अभ्यास हाही एक प्रकारचा तपासच आहे, तो असा.

कल्याणची परंपरा

हे प्रश्न त्या काळी कोणास ठाऊक नव्हते, असेही नाही. बिदरपासून फार दूर नसलेल्या कल्याणात (आजचे बसवकल्याण) चालुक्य राजा विक्रमादित्य सहावा याने १०७६ ते ११२६ पर्यंत राज्य केले. त्याच्या काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. पुढे कित्येक शतके भारताच्या मोठ्या भागात न्यायनिवाड्यासाठी ती आधारभूत मानली गेली. तिच्या व्यवहाराध्यायात पुराव्याचे तीन मानवी प्रकार सांगितले आहेत: लिखित, भुक्ती म्हणजे वहिवाट, आणि साक्षी. लेखाविषयी संशय आला तर त्या माणसाच्या इतर हस्ताक्षराशी ताडून पाहावे, असाही विचार तेथे आहे. ज्या प्रदेशात हे लिहिले गेले, त्याच प्रदेशाच्या राजाने हस्ताक्षर ताडून न पाहता वजीर मारविला. ज्ञान जवळ असणे आणि रागाच्या क्षणी ते आठवणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

सुलतान आणि मी यांच्यात राज्याचे अंतर आहे, चुकीचे नाही. त्याने मोहोर पाहिली, मी अडखळणे पाहिले. आणि दोघांनीही तेवढ्यावर निकाल दिला.

तीन रकाने

म्हणून रहस्यकथा वाचताना एक सोपा अभ्यास करावा. वहीच्या पानावर तीन रकाने आखावेत: 'पाहिले', 'ऐकले' आणि 'वाटले'. कथा अर्धी झाली की पुस्तक मिटावे आणि प्रत्येक धागा योग्य रकान्यात लिहावा. टाचणी 'पाहिले' मध्ये जाईल. "तो माणूस लुच्चा दिसतो" हे 'वाटले' मध्ये. मग गुन्हेगार कोण ते लिहून ठेवावे आणि पुढे वाचावे. चुकलात तर कोणता धागा चुकीच्या रकान्यात घातला होता, ते शोधावे. माझ्या वर्गातील त्या दिवसाचे रकाने मी नंतर भरून पाहिले. त्या मुलाविरुद्धचे सारे काही तिसऱ्याच रकान्यात होते.

सीमाभागातील मुलांना या अभ्यासात एक मोठी सोय आहे. १९५६ साली हैदराबाद राज्याचे विभाजन झाले. बिदर आणि गुलबर्गा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आले, तर उदगीर, निलंगा पलीकडे गेले. गुलबर्ग्याचे नाव २०१४ पासून कलबुर्गी झाले. सीमा हलल्या तरी बाजारातील बोली हलल्या नाहीत. घरी मराठी, शाळेच्या वाटेवर कन्नड, बाजारात दखनी, आणि पूर्वेकडून आलेल्या पाहुण्यांची तेलुगू असे चार सूर तुमच्या कानांवर लहानपणापासून पडतात. पुण्याच्या फेणेला जे ऐकू येणार नाही, ते तुम्हांला ऐकू येते. पण त्याबरोबर एक जबाबदारीही येते. परक्या भाषेत बोलताना माणूस थांबतो, शब्द शोधतो, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असावे? त्या थांबण्याला आपण तरी कधी पुरावा मानू नये.

एक सूचना मोठ्यांच्या वतीनेही करतो. अनोळखी माणसाच्या मागे जाणे, विहिरीत वा भुयारात उतरणे, हे पुस्तकातच शोभते. एमिलनेही चोर अखेर पोलिसांच्याच स्वाधीन केला. आणि त्याच्या आजीने साऱ्या साहसाचे तात्पर्य काय काढले ठाऊक आहे? पैसे नेहमी मनिऑर्डरने पाठवावेत!

शेवटी एक विनंती. पुणे, बर्लिन आणि कलकत्ता येथील हौशी हेर आपण पाहिले. बिदरचा हेर अजून लिहावयाचा आहे. साहित्य भरपूर आहे. किल्ल्याच्या मातीने काळी केलेली बिदरी सुरई खरी कोणती आणि नकली कोणती, नौबादजवळच्या करेजच्या झरोक्यापाशी रात्री दिवा कोणी नेला, गाणगापूरच्या यात्रेत हरवलेली पिशवी कोणाच्या बैलगाडीत निघाली: कोणताही धागा घ्या. कथेत विनोद असू द्या, सर्व खुणा वाचकाला आधी दाखवा, आणि पहिला संशय ज्याच्यावर येईल तो निरपराध असू द्या. वार्षिकाच्या पुढील अंकात अशी कथा आली, तर मी ती भूगोलाच्या तासालाही जप्त करणार नाही.

स्वाध्याय

१. एमिलच्या नोटांवरील भोके हा पुरावा का ठरला? मुलांचे ओरडणे का ठरले नाही?

२. महमूद गवानच्या पत्राची चौकशी तुम्ही कशी केली असती? पाच प्रश्न लिहा आणि प्रत्येक प्रश्न कोणाला विचाराल ते सांगा.

३. तुमच्याविषयी कोणी चुकीचा संशय घेतला असेल, किंवा तुम्ही दुसऱ्यावर घेतला असेल, तो प्रसंग आठवा. कोणाचे नाव न लिहिता तो तीन रकान्यांत मांडा.